शेऱ्याच्या रकान्यात

प्रगतिपुस्तकात शेऱ्याला जागा असते दोन बोटं.
एकवीस वर्षं मी त्यात हेच लिहीत आले :
हुशार आहे. अक्षर सुधारावे.
लिहिलं की पोरगं माझ्या हातून सुटायचं
आणि मला ते चालायचं.

वरलक्ष्मी म्याकल, सातवी ब,
महापालिकेची शाळा, विडी घरकुलच्या अलीकडे.
पत्र्याखाली त्रेचाळीस पोरं, बाहेर त्रेचाळीस अंश,
हा योगायोगही तिनंच दाखवला, पाटीवर बोट ठेवून.
मी फळ्यावर गणित उतरवून खडू खाली ठेवेपर्यंत
तिचं झालेलं असतं.
झालं ना? मग ह्यांच्या वह्या तपास.
ती तपासते. पाचवीपासून तपासते.
वर्गातल्या सगळ्यांच्या चुका तिला पाठ आहेत,
नवीन काही नाही.

आई विड्या वळते. हजारामागे छाट किती निघाली
ते वरलक्ष्मी लिहून ठेवते कॅलेंडरच्या पाठीवर.
तीन महिन्यांचे आकडे घेऊन आली एकदा.
"पानं ओली असली म्हणून छाट वाढत नाही की ओ, बाई.
तपासणारा बदलला की वाढते."
मी म्हटलं, हे कुणाला बोलू नकोस.
असं का म्हटलं, ते गणित मला अजून सुटलेलं नाही.

बाप चादरीच्या मागावर.
जॅकार्डच्या पुठ्ठ्याचा फाटका तुकडा तिनं दप्तरातून काढला,
शेंगाचटणीचं तेल लागलेला.
"इथं आठ जागा. भोक असलं तर दोरा उचलतो, नसलं तर नाही.
म्हणजे नक्ष्या दोनशे छप्पन्न.
पण बाई, ज्या पट्टीला एकही भोक नाही,
तीपण त्यातच धरायची ना?
नसणंपण मोजायचं ना?"

घंटा झाली. बरं झालं.
उद्या सांगते म्हटलं.
उद्या शिष्यवृत्तीचे अर्ज, परवा पोषण आहाराचा तांदूळ,
तेरवा कुठल्याशा ॲपमध्ये तोच तांदूळ पुन्हा.

मुख्याध्यापक म्हणाले, तिचं काय, ती करेल आपली.
अप्रगत किती राहिले ते बघा.
खरंच नऊ राहिलेत. चंद्रव्वाला अजून हातचा धरता येत नाही.
तिला सोडून इकडे बसू? कुठल्या तासाला?
मागं पडलेल्यांसाठी निदान एक तक्ता येतो छापून.
पुढं गेलेल्यांसाठी
आम्ही टाळ्या वाजवतो.

मग मी तौसिफ नदाफला फोन केला.
याच शाळेचा, आता पॉलिटेक्निकला.
त्याच्याही हातात मी वह्यांचे गठ्ठे दिले होते.
शनिवारी शाळा सुटल्यावर येतो, सायकल आत घेतो,
तिघंचौघं बसतात फरशीवर,
उत्तर न आलेली गणितं मधे ठेवून.
पैसे विचारले तर म्हणाला,
"नको बाई. मला त्या वेळी कुणी..."
आणि चाकातली हवा बघायला वाकला.

पहिल्याच शनिवारी वरलक्ष्मीला एक गणित आलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक.
रडेल वाटलं मला.
ती पेन्सिल चावत बसली दोन तास,
आई न्यायला आली तर उठेना,
तेलुगूत काहीतरी बोलली चिडून,
आई हसली, दारात बसली,
सूप मांडीवर घेऊन विड्या वळत राहिली.
मीही बसले बाकावर. मलाही येत नव्हतं.
या वेळी तसं सांगितलं.

एप्रिलात प्रगतिपुस्तकं भरली.
अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.
दोन बोटं जागेत मी बारीक करून लिहिलं :
हिच्या प्रश्नांना माझी उत्तरं पुरत नाहीत.
आणखी माणसं लागतील.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.
हा शेरा तिचा आहे का तुमचा?

सही मात्र केली.