वाळूचं पोतं

मल्लेशम येमूल कामाला लागण्याआधी
जाळीला हात लावून बघतो.
तीस वर्षं माग चालवलेला हात.
माग भंगारात गेला, हात राहिला.

जुळे सोलापूर, सातवा स्लॅब.
सकाळी नऊलाच सळई चटका देते.
जाळी पुण्याच्या साइटवरून आलेली, हिरवी म्हणायची,
रंग उन्हानं केव्हाच पिऊन टाकलेला.

"साहेब, हे सूत मेलंय."
मी म्हणालो, नायलॉन आहे, सूत नव्हे.
तो हसला नाही. चिमटीत एक गाठ चुरगळली,
पिठासारखं काहीतरी उडालं.
"मेलेलं सूत तुटताना आवाज करत नाही."

मग कुणाला न विचारता
त्यानं वाळूचं पोतं ढकललं कडेवरून.
जाळीनं ते क्षणभर धरलं,
आणि सोडून दिलं.

पोतं फुटल्याचा आवाज
पत्र्याच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या शांतव्वापर्यंत गेला.
ती धावत आली, पिठाच्या हातांनी,
वर बघत एकेक डोकं मोजत.
पंधरा.
पुन्हा मोजली. पंधरा.

कंत्राटदारानं सगळ्यांची अर्धी हजेरी कापली,
पोत्याचे पैसे मल्लेशमच्या नावावर टाकले.
नवी जाळी तिसऱ्या दिवशी आली,
नव्या चादरीसारखी कडक, घड्या न मोडलेली.
तिनं अजून कुणाला झेललेलं नाही;
एकदा चप्पल, एकदा शेंगाचटणीची पुडी.

अपघाताच्या रकान्यात मी रोज लिहितो: निरंक.
हल्ली सही करण्याआधी
त्या शब्दावरून बोट फिरवून बघतो.