तिसरी लेन

आमच्या शाळेचं मैदान पुरतं दोनशेचं नाही.
एकशे साठ भरतं, तेही
बेळगुंदीच्या रस्त्याकडची गटार धरून.
मी शिपाई, बसवंत कुंडेकर.
खुंटी ठोकायची, काथ्याची दोरी ताणायची,
तळाला भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यातनं
चुना सांडत वाकून चालायचं.
एकोणीस वर्षं हेच.
कंबर आता वळणावर थांबते, विचारते, अजून किती?

हडपद सर शिट्टी फुंकायचे, कन्नडात ओरडायचे:
"ओडू! गेरी तुळीबेड!"
पळ, रेघेवर पाय देऊ नको.
पोरं मराठीत पळायची.
भागी होनगेकर सगळ्यांच्या पुढं, अनवाणी,
टाचा लाल, वेणी तोंडात धरलेली.

वळण संपतं तिथं काजूचं झाड.
त्याचं एक मूळ वर आलेलं,
झोपलेल्या माणसाच्या मनगटाएवढं,
बरोबर तिसऱ्या लेनमध्ये.
तिथं आलो की मी डबा उचलायचो.
दोन हात जागा कोरी.
भागीला तिसरीच लेन पाहिजे असायची.
मुळापाशी आली की दोन पावलं आत,
पुन्हा बाहेर.
खाली न बघता,
अंधारात घरच्या माणसाला उंबरा कळतो तशी.

मूळ तोडायला हवं, सर म्हणालेले.
जंगल खात्याला अर्ज द्यायचा, कन्नडात.
मला कन्नड बोलता येतं, लिहिता नाही.
सरांकडनं लिहून घेईन, घेईन म्हणता
त्यांची बदली सौंदत्तीला झाली.

रात्री दीड वाजता, काजूच्या कारखान्यात,
मालकाच्या पोराचा मोबाईल पोत्याला टेकवून
आम्ही अकरा जण.
भागीची आई पुढं. बोटं टरफलाच्या तेलानं काळी.
ती बोटं तोंडाला लावायची नसतात,
कातडी सोलते. ती विसरली.

बायकांची दोनशे मीटर, चौथी हीट.
आठ जणी, आठ देश,
आणि भागी, "बघ की, तिसरीच लेन!"
ट्रॅक निळा, धुतलेल्या ताटासारखा.
त्यावर एक खडा नाही.
कुठं एक पान नाही.

बंदूक.
डावा खांदा जरासा खाली,
ते वाकणं माझ्या दोरीचं, मी ओळखलं.
आणि वळण संपत आलं तेव्हा
दोन पावलं आत,
पुन्हा बाहेर.

तेवीस पॉइंट शून्य चार. दुसरी!
शेड उठली. कुणी कुंद्याचा पुडा फोडला.
पत्रा वाजवला कुणीतरी.
मी पोत्यावर बसूनच.
त्या निळ्यावर मला मूळ दिसलं होतं.

मग तिच्या नावापुढचा आकडा गेला,
दोन इंग्रजी अक्षरं आली.
मालकाच्या पोरानं वाचून सांगितलं:
आतल्या रेघेवर पाय पडला.
एकदा चालतं म्हणे. दोनदा नाही.
भागीची आई म्हणाली, "परत दाखव."
त्यानं परत दाखवलं.
"परत."
तोंडात कुंदा होता तो कुणाला गिळता येईना.

नऊ दिवसांनी फोन आला.
मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, मुळाची, अर्जाची.
ती म्हणाली, "मामा, मैदान आखलंय काय?"
म्हटलं, आखलंय.
"नवीन कोण पळतंय?"
म्हटलं, सातवीतली एक आहे. मुचंडीकरांची शकू.
दम कमी आहे, पण पाय उचलते तुझ्यासारखी.
"कुठल्या लेनमध्ये?"
तिसऱ्या, म्हटलं.

पलीकडं बराच वेळ काही नाही.
मागनं कुठल्यातरी परक्या भाषेत
विमानाची घोषणा चाललेली.

मग म्हणाली,
"दुसरीत घाला तिला."