मुसमाती

औशाच्या तहसिलीत अभिलेख कक्षाला खिडकी एकच,
तीही गठ्ठ्यांनी बुजलेली.
लाल फडक्यात बांधून ठेवलेली गावं.
एक गाव खाली काढायचं तर
राजेसाब शिपायाला स्टुलावर चढावं लागतं,
आणि चढण्याआधी चहा.

तीन खेपा वाया गेल्या.
पहिल्यांदा म्हणाले, गट नंबर चालत नाही, जुना सर्व्हे नंबर आणा.
दुसऱ्यांदा नंबर होता, साहेब निलंग्याला.
तिसऱ्यांदा सगळे होते, लाइट नव्हती.

आज बोरखडीची गाठ सुटली.
कागद उर्दूत. साल १३४७ फसली, महिना तीर.
माझ्याच रानाचा कागद, आणि मी अडाणी.

वाचायला काझी गुरुजी आहेत.
कचेरीबाहेर झेरॉक्सच्या टपरीला खेटून बसतात,
पानाला शंभर रुपये,
नुक्ते वाळवीनं खाल्ले असतील तर दीडशे.
भिंग सदऱ्याला पुसत त्यांनी विचारलं,
"वावराला घरात काय म्हणता?"

मुसमाती, मी म्हणालो.

मला ती मातीची जात वाटायची.
काळी, बरड, चोपण, तशी मुसमाती.
आजा सांगायचा, मुसमाती ओल सोडत न्हाई बाबा,
माघात सुदिक हरभरा हिरवा ऱ्हातो.
माती परीक्षणाला पिशवी दिली तेव्हा
कृषी सहायकाशी मी वाद घातला होता,
साहेब, ही साधी काळी नव्हे.
त्यानं कंटाळून पिशवीवर तसंच लिहिलं.

गुरुजींचं बोट उजवीकडून डावीकडे सरकलं.
हसू आलं त्यांना, मग अर्ध्यात थांबलं.
"मुसम्मात. बाईच्या नावाआधी लावायचे,
आपण श्रीमती लावतो तसं.
मुसम्मात केवळा, बिनते हैबती.
हैबतीची लेक. आकार आठ रुपये चार आणे.
कब्जा, खुद्द तिचा."

हैबती माझा पणजा.
वंशावळ मला पाठ, तलाठ्यापुढे दोनदा म्हटलेली:
हैबतीला लिंबाजी, लिंबाजीला रंगनाथ, रंगनाथाला मी.
विहिरीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक गडी.
केवळा कुठल्या पायरीवर होती?

पुढचा कागद मराठीत, चौपन्न सालचा.
तिच्या नावाला कंस.
शेरा: फौत. वारस भाऊ लिंबाजी.
"नाव कमी केलं की कंस करतात," गुरुजी म्हणाले,
आणि भिंग खाली ठेवलं.
देवकीच्या भावाचं नाव त्यांना माहीत होतं.
पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत
त्यांनीच शिकवलेलं ते.

त्याच गठ्ठ्यात चुकून कोतवाल बुकाचं एक पान होतं.
केवळाबाई हैबती, वय साठ, ताप. साल अडुसष्ट.
म्हणजे कागदावर चौदा वर्षं आधी गेलेली बाई
चौदा वर्षं बोरखडीतच भाकरी थापत होती.
बाप म्हणायचा, आपल्या गोठ्यात एक कामाची म्हातारी असायची.
कुणाची, ते मी विचारलं नव्हतं.

आजानं माती म्हणून सांगितलं.
खोटं तरी कसं म्हणू,
ओल तर खरंच धरते ती.

माझ्या पिशवीत पाचशेचा स्टँप होता.
कुशावर्ताची हक्कसोड, मजकूर टाइप करून आणलेला,
त्यात 'राजीखुशीने' दोनदा.
जुनी नक्कल लागत होती ती त्यालाच जोडायला.

फोन तिचाच आला.
"दादा, सापडली का मुसमाती?"
सापडली, म्हणालो. पुढं काय बोलावं ते जुळवेपर्यंत
रेंज गेली.

नकलेच्या अर्जात एक रकाना असतो:
नोंदीतील इसमाशी अर्जदाराचे नाते.
पेन टेकवून मी तसाच उभा.
राजेसाब, आजाच्या बहिणीला काय म्हणायचं?
तो स्टुलावरून पाय चाचपत उतरत होता.
"आमच्यात फुफीदादी म्हणतेत. तुमचं तुम्ही बघा,
अन् बिगीनं बघा,
सव्वासाला कुलूप पडतंय."