तुंबे

ब्रह्मपुरी डेपोबाहेरच्या टपरीवर चिकटवलेला कागद
मी चारदा वाचला.
उन्हाळी शिबिर, वय सहा ते चौदा,
अबॅकस, सुलेखन, स्केटिंग, व्यक्तिमत्त्व विकास.
अठराशे रुपये. टी-शर्ट मोफत.
बोटं तिकिटाच्या मशीनवर,
मनात भागाकार.

सृजलचा शेवटचा पेपर शुक्रवारी झाला.
शनिवारपासून माझी ड्युटी पहाटे पाचची.
तिचे बाबा तेलंगणात, मिरचीच्या तोड्यावर.
घरात एक पंखा, एक शेळी,
आणि नऊ वर्षांची पोट्टी
कुलपाच्या आतल्या बाजूला.

रात्री तिला कागदातलं सगळं सांगितलं.
ती म्हणाली, "आई, व्यक्तिमत्त्व म्हणजे का व?
अन् माझं आता किती हाये?"
मी म्हटलं, झोप.

मग रूटवर विचारत सुटले,
सुट्टे पैसे मागावे तसं, प्रत्येक थांब्यावर.
अंगणवाडीची ताई म्हणाली,
सहाच्या वरचं लेकरू माझ्या रजिस्टरात बसत नाही.
मास्तरीणबाई म्हणाल्या, सुट्टीत आमचंच ट्रेनिंग.
कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला, ऑनलाइन आहे नं मॅडम.
मोबाईल घरात एकच,
तो माझ्या कमरेला, पैशाच्या पिशवीत.
गावात वाचनालय आहे,
किल्ली ज्याच्याकडे, तो लग्नाला गेलाय.
कुठल्या लग्नाला, कुणाला माहीत नाही.

मंगळवारी सुकरू भानारकर चढले,
अर्ध्या तिकिटाचे, खांद्यावर जाळं.
वास आला की लोक खिडकीकडे तोंड फिरवतात.
त्यांना ते ठाऊक आहे,
म्हणून ते आपणहून मागच्या सीटवर बसतात.
"काऊन बाई, पोट्टीले पोहता येते का?"
नाही.
"तं मंग पाठवा बोडीवर.
सात पोट्टे येतेत. आठवी तुमची."
फी?
"एक वाळला तुंबा.
अन् रोज अर्धा घंटा शेवाळ काढाचं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
त्या बोडीच्या पाळीवर माझी चौतीस वर्षं गेली.
धुणं धुतलं, गौर शिळवली, म्हशी पाजल्या,
पण गुडघ्याच्या वर पाणी मला कधी लागलं नाही.
भाऊ पलीकडच्या काठाला जाऊन हात हलवायचा,
मी इकडे त्याचे कपडे सांभाळायची.
तेव्हा यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

रविवारी मांडवावरचा जुना तुंबा उतरवला,
बिया खुळखुळत होत्या आत.
सृजलने पाठीला बांधून घेतला,
आरशात बघितलं, म्हणाली, मी कासव.

आता शेजारचा पोट्टा तिला सायकलवर नेतो.
रात्री ती जेवताना मासे मोजते,
मरळ, दाडक, बोटरी, वाम.
बाबा म्हणतेत, एका नावाले एक श्वास धराचा,
काल तीनपर्यंत गेली,
वामच्या वेळी नाकात पाणी.
केसांना चिखलाचा वास.
टी-शर्ट कुठला,
फ्रॉकवर शेवाळाचे डाग, निघत नाहीत.

माझी गाडी बोडीवरून जाते दहा वीसला.
ड्रायव्हर ढोबळे काही न सांगता गिअर कमी करतात.
ऊन कडक, पाणी आटून मधोमध आलेलं,
कमळाची पानं काठाला वाळलेली,
आणि मी प्रवासी मोजावे तसे तुंबे मोजते.
आठ.
मगच डबल बेल देते.

काल सात भरले.
पुन्हा मोजले, सात.
हात दोरीवर तसाच राहिला.
पाळीवर एक तुंबा पडलेला दिसला, आडवा, रिकामा,
दोरी सुटलेली.
सुकरूबाबा कंबरभर पाण्यात उभे, शांत,
दोन्ही हात पाण्याच्या वर, कशालाच न धरता.
मग मी डोकी मोजली.

तुंबे सात. डोकी आठ.

गाडी थांबलेलीच होती.
मागून कुणीतरी ओरडलं,
"ओ बाई, माझे तीन रुपये द्या नं,
केव्हाचा मांगून राहिलो!"
मी त्यांना दहाची नोट दिली.