अडुसष्ट मिलिमीटर

आयुष्यभर मी एक डोळा मिटून पाहिलं.
सुईत दोरा ओवताना,
पाटलोणीची शिवण उजेडाला धरताना,
दुकानाच्या फळीतल्या भेगेतून
शेवटची फेरीबोट लागली का ते बघताना.
म्हणून एर्मेलिंदा म्हणाली,
"अच्युतबाब, दोन्ही उघडे ठेवा,"
तेव्हा भर बाजारात
सदरा काढायला सांगितल्यासारखं वाटलं.

दिवाडी. नोव्हेंबर. पिएदादची गच्ची.
खाजनातून दमट हवा वर येते, काचेवर बसते.
ती केस वाळवायच्या यंत्राने दुर्बीण सुकवते,
मिसेला उशीर झालेल्या मुलीचे केस वाळवावेत
तशी घाईघाईने.
दुर्बीण पाश्कोलची.
पाश्कोल तारवटी; सध्या सुएझच्या अलीकडे की पलीकडे,
तिलाही नक्की ठाऊक नाही.
जाण्याआधी त्याने हा दोन डोळ्यांचा जोड आणून बसवला.
आत लोलक आहे म्हणे,
येईल तो उजेड मधोमध कापतो,
अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
मी म्हटलं, म्हणजे दोघांनाही कापड तोकडंच.
ती हसली. "बघा तर."

बघितलं. दोन शनी.
शेजारी शेजारी, दोन बटणं,
एक चहाच्या रंगाचं, एक निळसर.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून आहे,
उजव्यात म्हापशाच्या डॉक्टरने
मे महिन्यात नवी काच घातली.

"अंतर जुळवून घ्या."
जोडाच्या अंगावर टेपसारखे बारीक आकडे,
आणि नेलपॉलिशचे दोन ठिपके,
लाल अडुसष्टवर, गुलाबी एकोणसाठवर.
लाल पाश्कोलचा. गुलाबी तिचा.
"रजेवर आला की पहिल्याच रात्री भांडतो,
माझे डोळे कोणी हलवले म्हणून."

त्याच्या लग्नाचा सूट मी शिवला.
खांदा साडेसतरा, छाती चाळीस,
उजवा हात डाव्याहून पाव इंच लांब,
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
दोन डोळ्यांच्या मध्ये जागा किती
हे माप घ्यायचं मात्र कधी सुचलं नाही.
तिथे काय शिवणार?

लाल ठिपक्यापासून हळूहळू आत आणलं.
सहासष्ट. पासष्ट.
बटणं एकमेकांवर चढली, थरथरली,
परत सुटली,
आणि चौसष्टच्या जरा अलीकडे,
काजात बसावा तसा,
शनी बसला.

चहा नाही, निळंही नाही.
त्या रंगाचा तागा माझ्या दुकानात कधी आला नाही.
आणि सपाट नव्हता तो!
कडं अंगाभोवती सैल, पुढून येतं, मागे जातं,
मध्ये बोट जाईल एवढी फट.
गोळा लोंबत होता, कशालाच न टांगलेला.
माझ्या डोळ्यांत तरंगणारे ते काळे धागे,
वीस वर्षं झटकले तरी न पडलेले,
तेही कुठे गेले कोण जाणे.

"ही खोली खोटी," एर्मेलिंदा म्हणाली.
"इतक्या लांबून दोन्ही डोळ्यांना चित्र एकच मिळतं.
पाश्कोल म्हणतो, बाकीचं डोकं पदरचं घालतं."
घालू दे.
मीही खांद्यात कापूस भरून
कितीतरी माणसं रुंद केली आहेत.

मिनिटभर टिकतो, मग काठाकडे सरकतो.
ती एका बोटाने नळी ढकलते,
पुन्हा मध्ये आणते, पुन्हा सरकतो.
खालून पोदेराच्या पोरांनी हाका मारल्या,
आमची पाळी, आमची पाळी.
मी म्हटलं, थांबा रे, आत्ताच कुठे जुळलंय.

सगळे गेल्यावर तिने जोड पुसला
आणि खूण बघून
अडुसष्टवर नेऊन ठेवला.
मार्चपर्यंत तो यायचा नव्हता.

घरी येऊन मापांची जुनी वही काढली.
पाश्कोलचं पान वाळवीने कडेला खाल्लेलं.
खांदा, छाती, बाही, कंबर,
त्याखाली लिहिलं: डोळे, ६८ मिलिमीटर.
इंचांत करायचं राहिलं.