काणीची टाकी

टँकर माझा, पाणी त्यांचं.
बारा हजार लिटर. जमिनीनं दिलेलं
सगळं काढून घेतल्यावर
जे उरतं ते.
मी एकदा घोटभर पिऊन बघितलं,
जिभेला कळेचना तोंडात काही आहे की नाही.

दीड किलोमीटरवर एक टाकी, मग पुन्हा दीड,
काट्याकुट्यांतून, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून.
छातीएवढ्या उंच, मातकट, माथ्यावर काटकुळी अँटेना,
आत मिट्ट काळोख
आणि पाण्यात खाली बघणारे तीन डोळे.
"एकदा झाकण लावलं की वीस वर्षं उघडायचं नाही,"
असं बेल्त्रामे म्हणाला. पोरगेला इंजिनियर,
उन्हानं नाक सोललेलं.

सतरावी टाकी निकानोरा सेपुल्वेदाच्या रानात.
ऐंशी शेळ्या, एक कुत्रा, आणि डिसेंबरातच
तळ दाखवणारी विहीर.
नळी जोडत होतो, ती येऊन उभी राहिली.
"एवढं पाणी पिणार कोण?"
कुणी नाही.
"धुणार काय?"
काहीच नाही.
मग मी बेल्त्रामेचे शब्द जमतील तसे जुळवले:
वरून एक कण येतो, कुठून ते माहीत नाही,
ते कळावं म्हणून तर हा खटाटोप.
दिसत नाही, पण त्या एवढ्याशात जोर
पोरानं फुटबॉलला हाणलेल्या लाथेइतका.
हवेवर आपटून फुटतो, एकाचे कोट्यवधी होतात,
पाण्यात शिरले की पाणी
निमिषभर निळं उजळतं.
"तू बघितलंस?"
नाही. झाकण असतं ना.
ती हसली. "आमचा पाद्रीही असंच सांगतो."

टँकरच्या तळाशी उरलेलं तिला बादल्यांत दिलं.
शेळ्यांनी हुंगलं, माना फिरवल्या.
निकानोरा आत गेली, मूठभर मीठ आणलं,
हातानं ढवळलं.
मग प्याल्या.

ज्याचं रान, त्यानं टाकीला नाव ठेवायचं, असं ठरलं होतं.
कुणी मुलीचं ठेवलं, कुणी फुटबॉलच्या क्लबचं.
तिनं ठेवलं 'ला तुएर्ता', म्हणजे काणी.
एका डोळ्याची शेळी होती तिची,
मागच्या वादळात गेली ती गेलीच.

जुलैत, बर्फ पडून गेल्यावर, बेल्त्रामेनं पडद्यावर दाखवलं:
सोळा, अठरा, बावीस, ठिपक्यामागून ठिपका पेटलेला,
आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठा,
काणीचा.
मला काय सुचलं कोण जाणे,
टँकर रिकामा असताना चाळीस किलोमीटर गेलो सांगायला.

ती चीज खारवत होती. हात पुसले नाहीत.
"कुठल्या बाजूनं आलं?"
आग्नेयेकडून, बरंच खालून, मी बोट दाखवलं.
तिकडे काही नव्हतं. गवत, वारा,
वाऱ्यात वाकलेलं गवत.
ती बघत राहिली,
मग खारट दोन बोटं तोंडात घालून
लांबच लांब शीळ घातली.

कुत्रा तेवढा उठला.