एकशे पंचावन्न अंश

मी विन्स्लो प्रेअरीच्या नगरसभेची कारकून, व्हर्ना लोकेन.
माझं काम लिहायचं, मत द्यायचं नाही.
मिनेसोटातल्या त्या उणे बावीसच्या रात्री
खुर्च्या कमी पडल्या,
माणसं जाड कोट मांडीवर घेऊन बसली,
आणि विषय होता पाणी:
नव्या घरांच्या छतात ते आधीच भरून ठेवायचं
की घर पेटल्यावर विहीर खणायची.

पहिला उठला ऑरिन ट्वाइट.
अर्धं गाव त्यानं बांधलंय,
डाव्या हाताची दोन बोटं त्याच गावात कुठंतरी राहिलीत.
"घरामागे नऊ हजार डॉलर," तो म्हणाला,
"नाकापेक्षा मोती जड.
वर इथला जानेवारी. माळ्यावरचा पाइप गोठला, फुटला,
की जी आग कधी लागलीच नाही
ती विझवायला घरभर पाणी."
लोक हसले.
मी लिहिलं: खर्च. गोठणे.

मग मागच्या रांगेतून पाझोंग हेर उठली,
सातवा महिना, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर.
"बँकेनं दिलेल्या आकड्यात
आम्ही खिडक्यासुद्धा मोजून बसवल्यात.
नऊ हजार वाढले तर राहू आहोत तिथंच,
टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
तिथं जिना एकच आहे."
या वेळी कुणी हसलं नाही.
मी लिहिलं: कर्ज.
जिना लिहिला, मग खोडला,
कारण जिना विषयपत्रिकेवर नव्हता.

मार्लिस हौगे दिवसा केस कापते,
शिट्टी झाली की बंबावर चढते.
तिनं एक पितळी तोटी टेबलावर ठेवली,
अंगठ्याएवढी. मधोमध काचेची बारीक नळी,
आत गुंजेसारखा लाल थेंब.
"एकशे पंचावन्न अंशाला ही काच तडकते,
आणि पाणी सुटतं. सगळ्या घरात नाही,
फक्त जिथं जळतंय तिथं.
आम्हाला पोचायला चौदा मिनिटं लागतात.
मी कात्री ठेवते, रॉय गाईंची धार अर्ध्यावर सोडतो,
आणि आजचा सोफा चार मिनिटांत खोली गिळतो.
हल्ली मी विझवायला जात नाही,
मोजायला जाते."

मग तिनं खिशातून घड्याळ काढलं, बटण दाबलं
आणि गप्प उभी राहिली.
कुणी खोकलं. रेडिएटर ठोकत राहिला.
पाझोंगनं पोटावरचा हात काढला, परत ठेवला.
"मिस हौगे," अध्यक्ष म्हणाले,
"वक्त्याला तीन मिनिटं. तुमची संपली."
"हो," ती म्हणाली, "अजून एक उरलं होतं,"
आणि बसली.
हे कसं लिहायचं मला सुचेना.
मी लिहिलं: निवेदन नाही.

मार्लिसचा पुतण्या गेला ते घर जुनं होतं.
हा कायदा असता तरी त्याला लागू नसता.
ऑरिनला हे ठाऊक होतं,
बोलला असता तर बाजी त्याची होती.
तो बोलला नाही.
माझंही घर एकोणीसशे एकतीसचं,
निकाल कसाही लागो, माझ्या छताला लागू नाही.

ठराव एप्रिलवर गेला.
मी खुर्च्या आवरत होते, ऑरिन परत आला
विसरलेल्या हातमोज्यांसाठी.
तोटी टेबलावरच राहिली होती.
त्यानं ती उचलली, दिव्याकडे धरली.
"मुठीत आवळली तर तडकेल?"
"नाही," मी म्हटलं,
"माणसाचा हात तेवढा तापत नाही."
त्यानं तरी आवळली,
उरलेल्या तीन बोटांनी,
मग हळूच होती तिथं ठेवली.

बाहेर त्याची गाडी थंडीनं सुरू होईना.
मी माझी आणून तोंडाला तोंड लावली,
वायरी जोडल्या.
त्याचं इंजिन धरेपर्यंत दोघं गप्प,
तोंडातून वाफ.
चार मिनिटं तरी गेली असतील.